स्वप्नाला परवानगी, माहितीला बंदी

मागच्या रविवारी बसस्टँडसमोरच्या नव्या होर्डिंगवर चार ओळी लिहिल्या आणि इनबॉक्स भरून गेला. निम्म्या लोकांनी पाठिंबा दिला, निम्म्यांनी धुतलं. धुणाऱ्यांचा सूर एकच होता: "दादा, ती सोड्याची जाहिरात आहे. आणि चित्र किती भारी आहे ते बघा की. तुमचं कलेशी काय वैर आहे?" एका मित्राने तर गिनेस बियरची ती जगप्रसिद्ध पांढऱ्या घोड्यांची जाहिरात पाठवली आणि विचारलं, "असली कला कधी पाहिली आहे का?"

पाहिली आहे, मित्रा. म्हणून तर बोलतोय. चार ओळींत विषय संपत नाही हे लक्षात आलं, म्हणून आज सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर शेवटचे चार मुद्दे तरी वाचा, ते आपल्या गावच्या कामाचे आहेत.

आधी ज्यांनी होर्डिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी. जांभळं आभाळ. त्यात तरंगणारे डोंगर. एका डोंगरावरून सोनेरी धबधबा कोसळतोय, त्याच्या माथ्यावर पांढराशुभ्र फेस. खाली तळ्यात चंद्र बुडालेला आणि काठावर एक हरीण, त्याच्या शिंगांना पालवी फुटलेली. सगळं ब्रशने रंगवल्यासारखं, परीकथेच्या पुस्तकातलं पान मोठं करून लावल्यासारखं. मधोमध ब्रँडचं नाव. आणि त्या नावाखाली, मुंगी चालल्यासारख्या अक्षरात, एकच शब्द: 'सोडा'.

आता मला सांगा, सोड्याला सोनेरी रंग कुठून आला? आणि सोड्यावर असा दाट फेस कुणाच्या घरी बसतो?

मी गावातली सात किराणा दुकानं आणि तीन कोल्ड्रिंकवाले फिरलो. तो सोडा एकाकडेही नाही. दोघांनी तर नाव ऐकून हसून बियर शॉपीकडे बोट दाखवलं. तिथे त्या नावाची बाटली आहे, थंडगार आहे, आणि तिच्यात सोडा नाही.

आता कलेबद्दल

गिनेसची ती जाहिरात १९९९ ची. जोनाथन ग्लेझर या दिग्दर्शकाने केलेली, लंडनच्या एएमव्ही बीबीडीओ या एजन्सीसाठी. हवाई बेटांवर शूट झालं. गोष्ट साधी आहे: एक माणूस किनाऱ्यावर लाटेची वाट बघतोय. लाट येते, तो फळी घेऊन आत शिरतो, आणि त्या लाटेच्या माथ्यातून पांढरे घोडे उसळून बाहेर येतात. काळी-पांढरी फिल्म, ढोलाच्या ठोक्यांसारखं संगीत. २००० साली ब्रिटनमध्ये चॅनल ४ आणि संडे टाइम्सने घेतलेल्या कौलात लोकांनी तिला आजवरची सर्वोत्तम टीव्ही जाहिरात ठरवलं. मला विचाराल तर तो मान रास्त आहे.

असलं जग कसं उभं राहतं, तेही सांगतो, कारण "कम्प्युटरवर केलंय" म्हणून सोडून देणारे खूप आहेत. समुद्र वेगळा शूट होतो, घोडे वेगळे. घोड्यांना उड्या मारायला लावून टिपायचं, मग पडद्यावरून एकेक घोडा कापून काढायचा आणि लाटेवर बसवायचा. आयाळीचा केस कुठे संपतो आणि पाण्याचा फेस कुठे सुरू होतो हे डोळ्याला कळता कामा नये. टीव्हीच्या एका सेकंदात २५ फ्रेम असतात, म्हणजे एका मिनिटाला १५०० चित्रं. प्रत्येक चित्रावर माणसं बसतात. ही कारागिरी आहे, आणि कारागिरीला मी कायम नमस्कार करतो, मग ती पैठणीची असो की पडद्यावरची.

पण त्या घोड्यांचा मूळ मालक कोण? वॉल्टर क्रेन. इंग्लंडचा चित्रकार, लहान मुलांच्या पुस्तकांमधल्या चित्रांसाठी गाजलेला. त्याने १८९२ मध्ये 'नेपच्यूनचे घोडे' नावाचं चित्र काढलं: किनाऱ्यावर फुटणारी लाट आणि लाटेतून धावत येणारे पांढरे घोडे. हे चित्र म्युनिकच्या संग्रहालयात आहे. जाहिरातवाल्यांनी कल्पना तिथून उचलली, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

गंमत पुढे आहे. हा क्रेन पक्का समाजवादी होता. विल्यम मॉरिसचा सोबती. कामगारांच्या वर्तमानपत्रांसाठी त्याने फुकट चित्रं काढली, एक मेच्या मोर्चांसाठी काढली. सुंदर चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकू नये, कष्टकऱ्याच्या रोजच्या आयुष्यात यावं, यासाठी तो आयुष्यभर भांडला. १९१५ मध्ये तो गेला. ८४ वर्षांनी त्याचे घोडे खरंच कष्टकऱ्याच्या घरात आले. टीव्हीवरून आले, बियर विकत आले.

यात कुणी गुन्हा केला असं मी म्हणत नाही. चित्रकार पोटासाठी जाहिराती करत आलेत आणि करतील. आमचा पेपरही जाहिरातींवरच चालतो, दिवाळी अंक तर पूर्णच. मुद्दा वेगळा आहे. कला किती मोठी आहे हा प्रश्न एक, आणि ती कुणाची पालखी वाहतेय हा प्रश्न दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा टाळता येत नाही. पालखीचा गोंडा सुंदर आहे म्हणून आत कोण बसलंय ते विचारायचंच नाही का?

स्वप्न दाखवायची गरज का पडली?

याच कंपनीचा जुना इतिहास बघा. १९२९ मध्ये गिनेसने वर्तमानपत्रांतून मोठी मोहीम सुरू केली. तेव्हा घोडे नव्हते, लाटा नव्हत्या. सरळ दावा होता: ही बियर तुमच्या तब्येतीला चांगली आहे. पुढे १९३० च्या दशकात जॉन गिलरॉय या चित्रकाराने पोस्टरं केली. त्यात प्राणिसंग्रहालयातले प्राणी आले, टूकन पक्षी आला, आख्खा ग्लास गिळलेला शहामृग आला. लोकांना ती इतकी आवडली की आजही घराघरांत फ्रेम करून लावतात.

पण तब्येतीला चांगली हा दावा टिकणारा नव्हता. पुढे नियम आले. आज ब्रिटनमध्ये टीव्हीवर दारूची जाहिरात चालते, पण दारूने तब्येत सुधारते असं सांगता येत नाही. दारूने धाडस येतं, मर्दानगी येते, पोरी पटतात, माणूस यशस्वी होतो, यातलं काहीच दाखवता येत नाही.

मग उरतं काय? वस्तूबद्दल खरं सांगितलं तर विकलं जात नाही, खोटं सांगितलं तर दंड होतो. तेव्हा वस्तूबद्दल बोलायचंच नाही. घोडे दाखवायचे, चंद्र दाखवायचा, पालवी फुटलेलं हरीण दाखवायचं. चित्राला कोण कोर्टात खेचणार? हरणाने कुठे दावा केलाय की बियर प्यायली म्हणून मला पालवी फुटली! पण सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते नाव आणि ते जग एकत्र शिवलं जातं, आणि तो टाका पुढे निघत नाही. कंपनी पैसे मोजते ते या टाक्यासाठी.

तरी ब्रिटनमध्ये एक गोष्ट बरी आहे. जाहिरात बियरची आहे हे उघड असतं. शेवटी काळ्या बियरचा ग्लास समोर येतो. प्रेक्षकाला माहीत असतं की मला काय विकलं जातंय.

आपल्याकडे तेही नाही.

आपला कायदा कुणावर चालतो?

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: दारू आणि सिगारेटची जाहिरात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष करता येणार नाही. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून दारूच्या जाहिरातीवर कलम आहे. म्हणून कंपन्यांनी मागचं दार शोधलं. त्याच नावाचं पाणी, त्याच नावाचा सोडा, गाण्यांच्या सीडी, काचेचे ग्लास. नाव तेच, अक्षरं तीच, रंग तोच, आणि तळाला मुंगीचा शब्द. याला सरोगेट जाहिरात म्हणतात. आपल्या गावच्या भाषेत, बैलाचं नाव सांगून रेडा विकणं.

९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा छुप्या जाहिरातींवर सरळ बंदी घातली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या ताऱ्यावरही वर्षभर बंदी येऊ शकते. कागद चोख आहे. होर्डिंग मात्र बसस्टँडसमोर उभं आहे आणि त्याच्याखालून रोज तीन शाळांची मुलं जातात.

आता नीट बघा, या सगळ्यातून निघालं काय. बियरच्या कंपनीला आपल्याकडे हे सांगायला बंदी आहे की ही बियर आहे, हिच्यात अल्कोहोल किती आहे, ही कुणी पिऊ नये. पण तरंगणारे डोंगर, सोनेरी धबधबा आणि हरीण दाखवायला कुणाची हरकत नाही. खरी माहिती बेकायदा, स्वप्न कायदेशीर.

आणि यातली सगळ्यात मोठी चलाखी. एप्रिल २०१९ पासून दारूच्या बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं आहे: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. पण होर्डिंगवर हा इशारा नाही. का? कारण तो 'सोडा' आहे! सोड्याला कसला इशारा? म्हणजे ज्याने बाटली विकत घेतलीच आहे, त्याला बारीक अक्षरात इशारा. आणि ज्याने अजून घोटही घेतलेला नाही, त्याला वीस बाय चाळीस फुटांचं स्वप्न.

फ्रान्सने काय केलं?

"मग काय, सगळंच बंद करायचं का?" असं विचारणाऱ्यांसाठी हा भाग.

चित्रकलेचा देश कोणता विचारलं तर आपण फ्रान्स म्हणतो. वाईनचा देश कोणता विचारलं तरी फ्रान्सच. त्या देशाने १९९१ मध्ये एक कायदा केला, एव्हाँ कायदा म्हणतात त्याला. टीव्हीवर आणि सिनेमागृहात दारूची जाहिरात बंद. जिथे चालते तिथे फक्त माहिती द्यायची: अल्कोहोल किती टक्के, कुठे बनली, कशापासून बनली, कुणी बनवली, कशी प्यायची. सोबत आरोग्याचा इशारा. बस्स. घोडे नाहीत, जलपऱ्या नाहीत.

म्हणजे त्यांनी माहिती मोकळी ठेवली आणि स्वप्नाला लगाम घातला. आपण बरोबर उलटं केलं. माहितीला कुलूप लावलं आणि स्वप्नाला मोकाट सोडलं. वाईन ज्यांच्या रक्तात आहे म्हणतात त्या लोकांना हा फरक कळला, कलेवर त्यांचं प्रेम आपल्यापेक्षा कमी नाही. मग आपल्याला का कळू नये?

जी माहिती होर्डिंगवर नाही, ती इथे वाचा

"बियर काय दारू आहे का?" हे वाक्य मी गावात शंभरदा ऐकलंय. परमिट रूममध्ये नाही, चांगल्या घरांत. "पोरगा बियरच घेतो, दारू नाही घेत," असं आईबाप सांगतात, थोड्या अभिमानाने सांगतात.

तर हिशेब करू. आपल्याकडे जी 'स्ट्राँग' बियर धडाधड खपते, तिच्यात अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं. मोठी बाटली ६५० मिलीची. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्की घ्या. ती साधारण ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २६ मिली अल्कोहोल. म्हणजे स्ट्राँग बियरची एक बाटली बरोबर व्हिस्कीचे दोन मोठे पेग. दोन बाटल्या म्हणजे चार.

तुमचा मुलगा 'बियरच' घेऊन बाइकवर घरी येतो, तेव्हा तो दोन मोठे पेग मारून येतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. सडपातळ पोराने एक स्ट्राँग बाटली रिकामी केली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आणि ज्या गिनेसच्या घोड्यांचं कौतुक चाललंय, ती बियर साधारण ४ टक्क्यांच्या आसपास असते, आपल्या स्ट्राँगच्या निम्मी.

महाराष्ट्रात बियर घ्यायला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५. प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा का होईना. हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. यातली एक ओळ तरी त्या वीस बाय चाळीसच्या होर्डिंगवर मावली नसती का? जांभळ्या आभाळात भरपूर जागा मोकळी आहे.

आणि पाणी

ज्याला पुढे करून हा धंदा चालतो, ते 'पिण्याचं पाणी' आणि 'सोडा' हेच मुखवटे आपल्या भागात का जास्त बोचतात, तेही सांगतो.

बियरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. राज्यातल्या बियरच्या मोठ्या कारखान्यांचा पट्टा छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या बाजूला आहे. म्हणजे मराठवाड्यात. २०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. लोकांनी स्टेशनवर त्या गाडीची पूजा केली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला की मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याने कमी करा. मे महिन्यात ती कपात ६० टक्क्यांवर नेली.

कारखान्यांत आपलीच पोरं कामाला आहेत, हे मला मान्य आहे. सरकारला महसूल मिळतो, तोही मान्य. पण जाहिरातीत पाणी नेहमी कसं असतं बघा: समुद्र, धबधबा, तळं, बर्फ. कधीच न संपणारं. ज्या तालुक्यात टँकरच्या नंबरावरून भांडणं होतात, तिथे चौकात सोनेरी धबधबा कोसळताना दाखवायचा आणि त्याला सोडा म्हणायचं, याला मी कला म्हणत नाही. याला आमच्याकडे जखमेवर मीठ म्हणतात.

चौकटीबाहेर

घोड्यांची जाहिरात करणाऱ्या जोनाथन ग्लेझरचं पुढे काय झालं, माहीत आहे? २०२४ मध्ये त्याच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट' या सिनेमाला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ऑशविट्झच्या छळछावणीच्या भिंतीला लागून तिथल्या नाझी अधिकाऱ्याचं घर आहे. बाग आहे, फुलं आहेत, मुलं खेळतायत. भिंतीपलीकडचं काहीच दाखवत नाहीत, फक्त आवाज येतात. सुंदर चौकटीच्या बाहेर काय ठेवलंय याकडे कान द्या, एवढंच तो सिनेमा सांगतो.

छळछावणी आणि बियरची मी तुलना करत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नये. मी एवढंच म्हणतोय की चौकटीची ताकद काय असते हे त्या दिग्दर्शकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मग आपणही त्या होर्डिंगच्या चौकटीबाहेर बघायला काय हरकत आहे? होर्डिंगपासून दोनशे पावलांवर सरकारी दवाखाना आहे. शनिवार-रविवारच्या रात्री तिथे बाइकवरून पडलेली पोरं येतात. मी बातम्या करतो, मला नावं माहीत असतात. आम्ही लिहितो 'ताबा सुटल्याने अपघात'. ताबा का सुटला हे घरचे सांगत नाहीत, आम्हीही छापत नाही.

आणखी दोन आक्षेप

एक, "आईबापांनी लक्ष द्यावं, जाहिरातीला काय दोष?" लक्ष द्यावंच. पण आईबापाकडे एक तोंड आहे आणि समोर वीस बाय चाळीसचं आभाळ. त्यात आईबापालाच कुणी सांगितलं नाही की बियरची बाटली म्हणजे दोन पेग. मग लक्ष कशावर द्यायचं?

दोन, "तुम्हाला दारूबंदी हवी आहे." नाही. दारूबंदी हवी की नको हा वेगळा वाद आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर भांडायला मी वेगळी पोस्ट टाकेन. आज माझं म्हणणं एवढंच आहे की सज्ञान माणसाने काय प्यायचं ते त्याने ठरवावं, पण त्याला विकणाऱ्याने खरं बोलावं. बियर विकायची तर बियर म्हणून विका.

पूर्वी निदान एक अडचण होती. असं स्वप्नातलं जग उभं करायचं तर हवाईला जावं लागायचं, घोडे लागायचे, महिनोन्‌महिने काम चालायचं. आता बसस्टँडमागच्या फ्लेक्सवाल्याकडे एआयवर अर्ध्या तासात तरंगता डोंगर तयार होतो. आज एक होर्डिंग आहे. गणपतीत प्रत्येक मंडळाच्या कमानीवर हरीण उभं राहील.

आपल्या महाराष्ट्रात बाटलीचं आणखी एक चित्र आहे, तेही ध्यानात ठेवा. दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: एक उभी बाटली, एक आडवी. ना धबधबा, ना चंद्र. चार रेघांचं चित्र. ज्या बायकांनी कधी मोर्चात पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनी त्या चित्रासाठी उन्हात रांगा लावल्या. २००८ च्या आदेशात अट अशी होती की नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे. म्हणजे जो घरी झोपून राहिला, तोही उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजला गेला. बाटली आडवी करायला एवढी अट, आणि बाटलीचं स्वप्न चौकात उभं करायला फक्त नगरपालिकेची एक पावती.

म्हणून आता करायचं काय, ते चार मुद्द्यांत:

१. नगरपालिकेने होर्डिंगला परवानगी देताना एक साधा प्रश्न विचारावा: हा माल गावात कुठे मिळतो? सोड्याची जाहिरात असेल तर सोडा दाखवा. दुकान, बिल, बाटली. नसेल तर परवानगी नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना सोमवारी लेखी अर्ज देतोय. सोबत सही करायची असेल तर सकाळी अकराला या.

२. ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. होर्डिंगचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, तक्रार नोंदवा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. मंडळाच्या अध्यक्षांनो, तुमच्यातले निम्मे माझे मित्र आहेत. यंदा 'सोड्या'ची कमान घेऊ नका. वर्गणी कमी पडली तर मी स्वतः तुमच्यासोबत पावतीपुस्तक घेऊन फिरतो.

४. आणि आपल्या भागाच्या आमदार-खासदारांना एक विचारणा. फ्रान्सने केलं ते इथे का होऊ शकत नाही? जाहिरात करायचीच असेल तर पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात करा: नाव, टक्के, मिली, किती पेगांच्या बरोबरीची, आणि इशारा. स्वप्न ज्याचं त्याने बघावं.

ज्यांना चित्र आवडलं त्यांच्यावर माझा राग नाही. मलाही आवडलं. वॉल्टर क्रेनचं मूळ चित्र नेटवर सापडतं, आपल्या मुलांना जरूर दाखवा. त्या चित्राखाली कुठल्याही ब्रँडचं नाव नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली बिनधास्त भांडा, फक्त एका प्रश्नाचं उत्तर देऊन भांडा: तो सोडा तुम्ही कुठे प्यायलात?